वाचकांचे प्रश्न : वसंतात, मोटारीने, अल्सासच्या गावांतून

प्रश्न : एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि माझे आई-वडील असे पाच जण युरोपला जाण्याचा विचार करत आहोत. हाताशी सात रात्री आहेत. मोठी शहरे टाळून, मोटार भाड्याने घेऊन खेड्यांतून निवांत हिंडावे अशी इच्छा आहे. इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड्स, फ्रान्समधील अल्सास, ऑस्ट्रियातील हालश्टाट आणि इटलीतील टस्कनी अशी चार ठिकाणे निवडली आहेत. आई-वडील शाकाहारी आहेत. हे सारे एका फेरीत बसेल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बसवायचे म्हटले तर बसेल, पण मग तुम्हांला गावे दिसणार नाहीत, महामार्ग आणि विमानतळच दिसतील. शिवाय इंग्लंड शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नसल्यामुळे कॉट्सवोल्ड्ससाठी वेगळा व्हिसा काढावा लागेल. सात रात्रींत एकच प्रदेश पाहावा असा माझा आग्रह आहे, आणि तुमच्या यादीतून मी निःशंकपणे अल्सास निवडेन.

कारण असे की, तेथील गावे एकमेकांना लागून आहेत. मार्लेनहाइमपासून थानपर्यंतचा, १९५३ साली सुरू झालेला द्राक्षबागांचा प्रसिद्ध मार्ग सुमारे १७० किलोमीटरचा आहे, म्हणजे साधारण नाशिक ते मुंबई एवढाच. पण या अंतरात इतकी गावे येतात की दिवसाला दोन गावे पाहिली तरी पुरे. पॅरिसला उतरून वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांत अल्सासमधील स्ट्रासबर्ग शहर गाठावे, मोटार तेथेच घ्यावी आणि तेथेच परत करावी. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडल्यास भाडे बरेच वाढते. मुक्काम रोज हलवू नये. याच मार्गावरील कोलमार शहराजवळच्या एखाद्या गावात स्वयंपाकघर असलेले घर पाच रात्रींसाठी घ्यावे आणि पहिली व शेवटची रात्र स्ट्रासबर्गला काढावी. वडीलधाऱ्यांना रोज सामान बांधण्याचा त्रास होत नाही, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा फायदा.

एगिसाइमला सकाळी लवकर जावे. मधल्या छोट्या किल्ल्याभोवती गल्ल्या वर्तुळाकार फिरतात, लाकडी चौकटींची घरे दोन्ही बाजूंनी वाकून पुढे आलेली असतात, आणि एके ठिकाणी गल्लीला दोन फाटे फुटतात तेथे मधोमध एक चिंचोळे घर उभे आहे. सहलींच्या बसगाड्या येण्यापूर्वी तेथे पोहोचलात तर ते शांतपणे न्याहाळता येईल. रिकविर व रिबोविल ही गावे त्याच धाटणीची आहेत. कायझेर्सबर्ग हे नोबेल शांतता पुरस्कार मिळवणारे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांचे जन्मगाव आहे. हुनाविर येथे करकोच्यांचे पुनर्वसन केंद्र आहे. एकेकाळी या भागातून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी आता छपरांवर घरटी करतो आणि वसंतात ती भरलेली दिसतात, त्यामुळे मुलीला तेथे अवश्य न्यावे. ओ-कोनिग्सबूर हा डोंगरमाथ्यावरचा किल्ला पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. स्वच्छ हवेची सकाळ मिळाली तर इतर बेत बाजूला ठेवून प्रथम तेथेच जावे.

वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयाच्या कक्षेत मिळतो. तो एक वर्ष चालतो, पण सोबत मूळ परवानाही लागतो. मोटार ज्याच्या नावावर घ्यायची त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड असावे, कारण अनामत रक्कम त्यावर रोखून धरली जाते. पाच माणसे आणि पाच बॅगा साध्या मोटारीत मावत नाहीत, म्हणून मोठ्या डिकीची गाडी मागावी. गिअर आपोआप बदलणारी गाडी हवी असल्यास आधीच नोंदवावी. दहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य बालआसन कायद्याने सक्तीचे आहे.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय एका दिवसात होते. खरा धोका गावातल्या चौकात असतो. जेथे पाटी नाही तेथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ती गल्ली कितीही अरुंद असो. वस्तीत वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर असते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर ठेवून आत पायीच जावे.

जेवणाच्या बाबतीत वेळा सांभाळाव्यात. दुपारी दोननंतर बहुतेक खानावळींची स्वयंपाकघरे बंद होतात, ती संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात. तेथील प्रसिद्ध पातळ रोटीवर मलई, कांदा आणि डुकराचे मांस असते. मांसाशिवाय द्या, असे आधीच सांगावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि १ मे रोजी तर जवळजवळ सर्वच, म्हणून शनिवारी भाजी, दूध, पाव भरून ठेवावे. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलमधली खरड छाटणी (घड काढून झाल्यावर वेलींची केली जाणारी छाटणी) आटोपून अल्सासच्या याच मार्गाने जाणार आहोत. गाडी मी चालवणार, पण वाइनही चाखायची आहे. तेथील नियम काय आहेत? आणि त्या दिवसांत बागेत पाहण्यासारखे काय असेल?
– एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : फ्रान्समध्ये सर्वसाधारण चालकासाठी रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आपल्याकडे ती ०.३ आहे. या फरकावर विसंबून राहू नये. चाखलेली वाइन थुंकण्यासाठी वाइनच्या तळघरात भांडे ठेवलेले असते, ते निःसंकोच वापरावे. त्याहून उत्तम म्हणजे रिकविर ते हुनाविर हे अंतर बागांमधून पायी चालावे. ते थोडेच आहे आणि वाट सुरेख आहे.

तेथे छाटणी आपल्यासारखी दोनदा नव्हे, वर्षातून एकदाच, हिवाळ्यात होते आणि काढणी सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे तुमच्या बागेत खरड छाटणी नुकतीच झालेली असेल तेव्हा तेथे पहिले कोंब फुटत असतील. याच दिवसांत कडाक्याच्या थंडीने कोंब जळण्याची धास्ती असते. ११ ते १३ मे हे दिवस टळले की जीव भांड्यात पडतो, असे तेथील जुने शेतकरी मानतात. गारपिटीची भीती जाणणाऱ्या बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उतारावरची ओळींची दिशा, मांडवाऐवजी तारेवर बांधलेल्या वेली आणि मातीतील बदल हे मुद्दाम पाहावे. रीसलिंग आणि गेवुर्झट्रामिनर या द्राक्षजातींच्या वाइन निरनिराळ्या गावांत चाखल्या तर मातीचा फरक जिभेला कळतो. मोठ्या कंपन्यांपेक्षा गावातील कुटुंबांची छोटी तळघरे निवडावीत, मात्र आदल्या दिवशी फोन करून जावे.

परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येते. नेहमीच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर होतात, म्हणून माणशी दोनच घ्याव्यात आणि त्या मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात; हातातल्या सामानात त्या नेऊ देत नाहीत.