अंजिराची फांदी उन्हाळ्यात पाण्यात ठेवली तर मुळं फुटतात का?

फुटतात. अंजीर वड-उंबराच्या कुळातला आहे, फांदीतून मुळं सोडणं त्याच्या अंगातच असतं. तुमच्या बाटलीतल्या फांदीला एप्रिलात पानं आली, पण पाण्याला वास मारतोय, असं तुम्ही लिहिलंय. काळजी वासाची करा, आणि पानांवर विसंबू नका. फांदीत साठलेल्या अन्नावर डोळे (फांदीवरचे कोंब) आधी फुटतात, मुळं मागाहून येतात. तोवर पानं फांदीतलं पाणी उडवत राहतात. वरचं एखादं लहान पान ठेवून बाकीची काढून टाका.

वास येतो तो कुजण्याचा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, शिवाय कापातून चीक झिरपतो आणि जिवाणूंचं फावतं. खालचं टोक काळं, मऊ पडलं असेल तर आत निरोगी लाकूड दिसेपर्यंत कापा. नवा काप डोळ्याच्या जरा खाली घ्या आणि चीक वाहत्या पाण्याखाली धुऊन टाका. (चीक हाताला लागू देऊ नका; त्यावर ऊन पडलं की कातडीवर चट्टे उठतात.) खालचे एक-दोन डोळे बुडतील एवढंच पाणी ठेवा आणि उन्हाळाभर ते रोज बदला. शेवाळ धरू नये म्हणून बाटलीला जाड कागद गुंडाळा. जागा उजेडाची हवी, उन्हाची नको. आमच्याकडे माठाशेजारी ठेवतो, तिथला गारवा मानवतो.

सालीवर पांढरे बारीक फुगवटे दिसले तर बुरशी समजून खरवडू नका, मुळं फुटायच्या आधी ते येतात.

मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की लगेच कुंडीत लावा. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, लांब वाढू दिली तर लावताना मोडतात. माती निचऱ्याची घ्या, खत इतक्यात देऊ नका, आणि पावसाळा लागेपर्यंत रोप सावलीतच राहू द्या.

फांदी पुरंदर भागातल्या पुणेरी अंजिराची असेल तर जोडीला दुसरं झाड लागत नाही, तो परागीभवनाशिवाय फळ धरतो. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला अंजीर तो हाच.

ही फांदी गेलीच, तर पावसाळ्यात मूळ झाडावर गुटी कलम बांधा, म्हणजे फांदी न तोडता तिची साल गोल काढून, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून झाडावरच मुळं फोडून घ्या. त्यात फांदीला झाडाचं पाणी मिळत राहतं, त्यामुळे ती सुकत नाही. आणि छाट कलमच करायचं असेल तर पानगळीनंतरची, पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी थेट मातीत लावा.