बंगला विकायचाय, पण आधी आईचं ठरवा

प्रश्न : प्रभात रोडच्या एका गल्लीत आमचा बंगला आहे, साडेपाच गुंठ्यांचा प्लॉट, बाबांनी 1974 साली स्वतःच्या कमाईतून घेतलेला. बाबा गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. आई तिथेच राहते, एक भाऊ पुण्यात, एक न्यू जर्सीला. मागच्या आउटहाऊसमध्ये जुना भाडेकरू आहे. एजंट म्हणतो पार्टी तयार आहे, टोकन घ्या. भाऊ म्हणतो तू हक्कसोडपत्रावर (आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर) सही कर, काम सोपं होईल. काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, सही आत्ता अजिबात करू नका. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही तिघं भावंडं, चौघांचा सारखा चौथा हिस्सा, लग्न झालं म्हणून मुलीचा कमी होत नाही. हक्कसोड एकदा रजिस्टर झालं की नंतर मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. विकायचंच आहे तर चौघांनीही विकणारे म्हणून सह्या करा, त्यात अवघड काय आहे?

दुसरं म्हणजे टोकन. सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्डचा, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते डोळ्यांनी बघा. बाबांचंच असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन वारस नोंद करून घ्या, याला वेळ लागतो. प्लॉट सोसायटीकडून लीजवर घेतलेला असेल तर सोसायटीची एनओसी पण लागेल. हे व्हायच्या आत टोकन घेतलं की मुदत तुमच्या डोक्यावर बसते आणि भाव पाडायला समोरच्याला कारण मिळतं.

न्यू जर्सीच्या भावाला सांगा, तो अनिवासी असल्यामुळे घेणाऱ्याला त्याच्या हिस्स्यावर इथल्या विक्रेत्यासारखा 1 टक्का नाही तर बराच जास्त टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा टॅक्स) कापावा लागतो, आणि तोही नफ्यावर नाही, त्याच्या पूर्ण रकमेवर. कमी कपातीचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून व्यवहाराआधीच काढायचं. बाकी टॅक्ससाठी नफा मोजताना 1974 च्या खरेदीऐवजी 1 एप्रिल 2001 ची किंमत मूळ धरता येते, त्यामुळे बंगला उभा आहे तोवरच व्हॅल्युअरला बोलवा, पाडल्यावर तो काय मोजणार.

भाडेकरूला घेणारा बघून घेईल असं एजंट म्हणेल. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली त्याचे हक्क मालक बदलला तरी राहतात, म्हणून त्याच्याशी आधी बोला आणि जे ठरेल ते लेखी करा.

आता आई. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात आली, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. चौथा हिस्सा तिचा स्वतःचा आहे, मुलांनी वाटून द्यायचा नाही. त्यातून 2 वर्षांच्या आत तिच्या नावावर घर घेतलं तर तिचा त्या भागाचा कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा) वाचतो, आणि ते घर एरंडवण्यातच बघा, जिथे तिचा डॉक्टर आहे, भाजीवाली नावाने हाक मारते, कमला नेहरू पार्कात फिरायला जाता येतं. दोन महिने इकडे, दोन महिने तिकडे अशी व्यवस्था तिच्यावर लादू नका. तिला एकटीला बसवून विचारा, भावांसमोर नको, आणि तिने अजून नाही म्हटलं तर एजंटला थांबायला सांगा.