मूल वाचायला तयार झालंय, हे घरी कसं ओळखायचं?

तुमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे, शाळेत घातलेली नाही, मुळाक्षरं सगळी ओळखते पण शब्द वाचत नाही. आता नेटाने मागे लागावं की थांबावं, असं तुम्ही विचारलंय.

मी दोन्ही मुलांना घरीच शिकवते. माझ्या मते अक्षरओळख फार महत्त्वाची नाही, तक्त्यावरून ती पाठही होते. आधी तिचे कान बघा. कागद-पाटी काही न घेता शब्दांच्या भेंड्या खेळा. तुम्ही 'गवत' म्हटलंत की शेवटचा 'त' पकडून तिला 'तवा' सुचतो का? 'कपाट'मधला 'पा' पळाला तर काय उरलं, याचं उत्तर 'कट' येतं का? हे हसतखेळत जमत असेल तर उद्यापासून सुरू करा. जमत नसेल तर महिनाभर नुसत्या भेंड्या, बडबडगीतं आणि रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं, एवढंच पुरे.

सुरुवातीला आपली लिपी सोपी पडते, कारण एक अक्षर म्हणजे उच्चाराचा एक तुकडा. नळ, घर, कमळ असे बिनकान्याचे शब्द मुलं लवकर जुळवतात. मात्र घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. आणि 'क... म... ळ' म्हटल्यावर ती स्वतःच "अय्या, कमळ!" म्हणाली, तर वाचन सुरू झालं असं समजा. सुटी अक्षरं म्हणून ती तुमच्या तोंडाकडे बघत बसली, तर अजून थोडा वेळ आहे.

खरी अडचण बाराखडीत येते. इथे 'क'च्या आतला स्वर बदलतो, म्हणजे तुकड्याचाही तुकडा कानाला कळावा लागतो. त्यात पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर! भराभर वाचणारी मुलंही इथे अडतात आणि आईबाप घाबरतात. एक कान्याचेच शब्द भरपूर होऊ द्या, मग पुढचं चिन्ह. जोडाक्षरं आणि रफार यांची तर घाईच नको.

वयाचं म्हणाल तर माझा मोठा पाचव्या वर्षी वाचू लागला, धाकटी सात व्हायला आली तेव्हा. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, हा दाखला घरी शिकवणारे आपण सगळे देतो. पण तिथे त्याआधीचं एक वर्षाचं पूर्वप्राथमिक शिक्षण 2015 पासून सक्तीचं आहे, हे कुणी सांगत नाही. थांबायचं म्हणजे काहीच करायचं नाही, असं नव्हे.

डोळे आणि कान मात्र डॉक्टरांकडून आत्ताच तपासून घ्या. सात उलटल्यावरही, रोज सराव असूनही आवाज जुळत नसतील किंवा घरात कुणाला वाचनाचा त्रास असेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका, तज्ज्ञांना दाखवा.

आणि नातेवाईक परीक्षेचं विचारतीलच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष परीक्षा आहेत, दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. एवढं सांगितलं की निदान चहा संपेपर्यंत शांतता मिळते.