फुटबॉलच्या तासाला गणित खरंच शिकवता येतं का?

येतं, फक्त मैदानावर फळा नेऊ नका.

कोनापासून सुरुवात करा. गोलच्या दोन्ही खांबांना एकेक दोरी बांधायची आणि मोकळी टोकं पेनल्टीच्या जागेवर आणायची. गोल 7.32 मीटर रुंद, अंतर 11 मीटर. कोनमापक लावला की साधारण 37 अंश भरतात. मग टोकं धरून एकाला कॉर्नरकडे सरकू द्या. दोऱ्या जवळजवळ चिकटतात आणि कडेने गोल मारणं अवघड का, हे न सांगता कळतं. गोलकीपर पुढे का धावतो तेही दिसतं: तो पुढे आला की दोऱ्यांमधली जागा कमी होते. प्रत्येक जागेवरून दहा किक मारून गोल मोजले की टक्केवारी आणि आलेखही झाला.

शरीरासाठी शंकूंमधून ड्रिब्लिंग, दोन्ही पायांनी. वेळ स्टॉपवॉचवर मुलांनीच घ्यायची, सरासरीही त्यांनीच काढायची आणि तुलना स्वतःच्याच मागच्या वेळेशी, नाहीतर हळू मुलं बाजूला बसतात. एका चेंडूमागे तीन-चार मुलंच ठेवा. वीस जणांची रांग लागली तर ना खेळ ना गणित, नुसती ढकलाढकली.