वाचकांचे प्रश्न : वेप ठेल्यावरून की मोबाइलवरून?

या महिन्यात तंबाखू आणि खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना यांचं मिश्रण) सोडण्याबद्दल विदर्भाच्या गावांतून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच : वेप किंवा निकोटीनचं औषध कुठून घ्यावं? त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दिवसाला पाच-सहा खर्रे होतात. सोडायचा आहे. पुण्याला असलेला चुलतभाऊ म्हणतो, वेप घे, खर्रा आपोआप सुटेल. जिल्ह्याच्या ठिकाणी एका पानठेल्यावर मागितला तर मिळतो म्हणतात. मोबाइलवर त्याहून स्वस्त जाहिराती येतात, रिफिलही मिळतं. कुठून घेतलेला बरा?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका

दोन्हीकडून नको. वेप म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट (द्रव तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र), आणि २०१९च्या केंद्रीय कायद्याने तिचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात देशभर बंद केली आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आमच्यात निकोटीन नाही, हर्बल आहे' असं सांगून विकतात, पण कायद्याची व्याख्या निकोटीन असो वा नसो, दोन्हीला लागू आहे. परदेशी साइटवरून मागवलं तर ती आयात झाली, मग नग एकच का असेना.

पण कायदा बाजूला ठेवला तरी हा माल घेऊ नका, कारण तो कुणीच तपासलेला नसतो. ठेल्यावरच्या माणसाला बाटलीत काय आहे ते ठाऊक नसतं, आणि मोबाइलवरचा विकणारा तर तुम्हाला दिसतही नाही. पाकिटावर '५ टक्के' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन. दोन मिलिलिटरच्या एका छोट्या पॉडमध्ये, म्हणजे द्रव भरलेल्या डबीत, १०० मिलिग्रॅम झालं. औषधाच्या एका च्युइंगममध्ये ते २ मिलिग्रॅम असतं. दोन्हींतून अंगात उतरणारं प्रमाण वेगळं असतं, तरी घरात केवढा साठा येऊन पडतो ते यावरून कळेल. त्यातही लेबल खरं असेलच याची हमी नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेपमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले, त्यांतले मृत्यू ६८. त्यातली बहुतेक प्रकरणं चोरट्या बाजारातून घेतलेल्या, गांजाचा अर्क घातलेल्या मालाची होती. द्रव घट्ट दिसावा म्हणून त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलं होतं. आपल्याकडे तर या वस्तूचा सगळाच बाजार चोरटा आहे.

कपाशीवर इमिडाक्लोप्रिड फवारणाऱ्याला एक गोष्ट लगेच पटेल. त्या गटाच्या कीटकनाशकांची रचना निकोटीनवरूनच बेतलेली आहे, आणि निकोटीन सल्फेट हे एके काळी सरळ फवारायचं औषध होतं. निकोटीनचा द्रव कातडीतूनही अंगात जातो. रिफिल भरताना बोटांवर सांडतो तो हाच.

खर्रा सोडायला निकोटीनचाच आधार हवा असेल तर तो औषध म्हणून, पक्क्या बिलावर, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतो. ते कसं वापरायचं, पुढच्या उत्तरात वाचा.

प्रश्न : मेडिकलमधून निकोटीनच्या च्युइंगमची एक पट्टी आणली. दोन दिवस खाल्लं. उचकी, मळमळ, छातीत जळजळ, आणि खर्ऱ्याची तलफ होती तशीच. माल बनावट असेल का? ऑनलाइन घेतलं तर असली मिळेल का?
— आर्वी तालुका, जि. वर्धा

तुम्ही सांगता ती लक्षणं बनावट मालाची नाहीत, चघळण्याच्या पद्धतीची आहेत. साध्या च्युइंगमसारखं भराभर चावलं की निकोटीन लाळेत सुटतं आणि गिळलं जातं. पोटात गेलेल्या निकोटीनने उचकी आणि जळजळ होते, आणि त्यातलं बरंचसं यकृत रक्तात फिरण्याआधीच मोडून टाकतं. म्हणजे त्रास पूर्ण आणि फायदा नाही.

पद्धत अशी. च्युइंगमची गोळी सावकाश चावा. जिभेला तिखट, झिणझिण लागायला सुरुवात झाली की थांबा आणि ती गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. एखाद्या मिनिटात झिणझिण ओसरते. मग पुन्हा दोन-चार वेळा चावा, आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. नंतर कागदात गुंडाळून टाका.

चघळण्याआधी १५ मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, काहीही खाणं-पिणं नको. त्याचं कारण खर्रा खाणाऱ्याला नवीन वाटणार नाही. खर्ऱ्यात चुना घालतात, त्या चुन्याने तोंड अल्कधर्मी होतं आणि निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून पटकन शिरतं. गोळीतही याच कामासाठी सोडियमचे क्षार घातलेले असतात. आंबट किंवा चहासारखं आम्लधर्मी काही तोंडात गेलं की त्यांचा उपयोग संपतो. आपल्याकडे तलफ आणि चहा एकाच वेळी येतात, म्हणून गोळी 'लागत नाही' अशी तक्रार इतकी ऐकू येते. चहा आधी घ्या, पाव तास जाऊ द्या, मग गोळी.

आता ताकद. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला खर्रा लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, त्यानंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅम. २ ची गोळी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. तलफ येण्याची वाट पाहू नका, वेळेवर घ्या : पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. सुरुवातीला दिवसाला दहाच्या आसपास पडतात. चोवीसच्या वर कधीच नाही. बहुतेक जण दिवसाला तीन-चार खातात आणि 'काही होत नाही' म्हणून सोडतात. तेवढ्या गोळ्या कमीच पडतात.

खर्रा खाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी पाकिटावर लिहिलेली नसते. गोळी फक्त निकोटीनची भूक भागवते. खर्ऱ्यात सुपारीही असते आणि सुपारीतल्या अरेकोलीनची सवय वेगळी लागते. त्यामुळे गोळी बरोबर घेऊनही पहिले काही दिवस सुस्ती आणि चिडचिड राहू शकते. गोळी निकामी आहे असा त्याचा अर्थ काढू नका. आणि त्यावर उतारा म्हणून साधी सुपारी चालू ठेवू नका. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ठरवलं आहे.

गोळी घेण्याआधी आरशासमोर तोंड उघडून पाहा. आपलीच तीन बोटं उभी, एकावर एक, समोरच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. मावत नसतील, किंवा तिखट खाताना तोंड जळत असेल, तर सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होत चालली आहे. चघळायची गोळी तुमच्यासाठी नाही. दंतवैद्याला दाखवा आणि कातडीवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीचा विचार करा. गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस आणि अठराच्या आतलं पोर यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही निकोटीन देऊ नका.

दुकान की ऑनलाइन? आमचं मत : सुरुवात दुकानातूनच. पहिल्यांदा एकच पट्टी घ्या, कारण पुदिन्याची चव काहींना सोसत नाही आणि उघडलेलं औषध कुणी परत घेत नाही. चव पटली की आठवड्याचं घ्या, म्हणजे दिवसाला दहाप्रमाणे ७० गोळ्या. पट्टीवर बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, उत्पादन परवान्याचा क्रमांक वाचा आणि बिल मागा. कापून दिलेल्या पट्टीवर हे राहत नाही, म्हणून अखंड पट्टी घ्या. ठेलेवाला 'निकोटीनची गोळी' म्हणून सुटी देत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : माह्या बुढ्याले निकोटीनची पट्टी लावाले सांगतली डॉक्टरनं. इथं मेडिकलवाल्याकडं नाही. ऑनलाइन दाखवते, पन आमच्या पिनकोडवर आठ-दहा दिवस लागतात म्हनते. मागवू का?
— सिंदेवाही तालुका

आधी मेडिकलवाल्याला चिठ्ठी दाखवून मागवायला सांगा. त्याच्याकडे माल नागपूर-चंद्रपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून नेहमी येतच असतो. एक-दोन खोके त्यातच येतात, आणि बिल स्थानिक असल्याने तक्रार करायलाही जागा राहते. ऑनलाइन मागवायचंच असेल तर हिवाळ्यात मागवा. या औषधांवर ठरावीक तापमानाखाली ठेवायची सूचना असते, बहुधा २५ किंवा ३० अंश. मे महिन्यात तुमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पार्सल आठ दिवस पत्र्याच्या गोदामात आणि गाडीत फिरतं. पट्टीचा चिकटपणा जातो, गोळ्या एकमेकींना चिकटतात. घरीसुद्धा कौलांखालच्या माळ्यावर किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका.

लावण्याची रीत : सकाळी आंघोळीनंतर दंड, छाती किंवा पाठ, जिथे केस कमी आहेत तिथली कातडी अगदी कोरडी करा. तेल, पावडर नको. पाकीट त्याच वेळी फोडा, पट्टी लावून तळव्याने दहा सेकंद दाबून धरा. दुसऱ्या दिवशी नवीन, आणि जागा बदलून. घामाने कडा सुटत असतील तर वरून दवाखान्याची चिकटपट्टी लावा. पट्टी कापून अर्धी लावू नका.

२४ तासांच्या पट्टीची ताकद २१, १४ आणि ७ मिलिग्रॅम अशी असते. नेहमीचा क्रम सहा आठवडे, दोन आठवडे, दोन आठवडे असा. वडिलांना कुठून सुरू करायचं ते डॉक्टरांनी लिहिलं असेल, ते बदलू नका. रात्री भलती स्वप्नं पडून झोपमोड होत असेल तर झोपताना काढून ठेवता येते. उन्हात धानाच्या बांधीवर काम असेल किंवा ताप असेल, तर उष्णतेने निकोटीन जास्त सुटतं. चक्कर, मळमळ, धडधड झाली तर पट्टी काढा, जागा साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना सांगा. काढलेल्या पट्टीतही निकोटीन उरतं. ती चिकट बाजू आत दुमडून लहान पोरांच्या आणि कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर टाका.

प्रश्न : आठवीच्या मुलाच्या दप्तरात हायलायटरसारखी रंगीत वस्तू सापडली. फळासारखा वास येतो. हा वेप असेल का? शाळेने काय करावं?
— शिक्षिका, देसाईगंज

बहुतेक वेपच. एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला बारीक भोक किंवा चार्जिंगची खाच आणि गोड वास ही त्याची खूण. बऱ्याच प्रकारांना बटनही नसतं, ओढलं की आपोआप चालू होतं. मुलाला आरोपी करू नका. पालकांना बोलवा आणि ती कुठून आली ते शांतपणे विचारून घ्या. वस्तू मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवून, लेखी नोंद करून, पोलीस ठाण्यात द्या. या कायद्यात उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला झडती-जप्तीचा अधिकार आहे. विकणारा सापडेपर्यंत दुसऱ्या दप्तरात ती येतच राहील. तुमच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तीपथ हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान चालू आहे. त्यांच्या कार्यकर्त्यांना शाळेत बोलवा.

प्रश्न : मुलाने इन्स्टाग्रामवरून वेप मागवला. एक आला, दुसऱ्यासाठी पैसे भरले तर 'कस्टमचे आणखी भरा' असा मेसेज आला. पैसे गेले. आणि आलेला वेप घरात पडून आहे, त्याचं काय करू?
— मेहकर तालुका

आणखी एक रुपयाही भरू नका. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. व्यवहाराचा क्रमांक, मेसेजचे फोटो आणि विकणाऱ्याच्या खात्याचं नाव जवळ ठेवा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. वस्तू बेकायदा होती म्हणून गप्प बसू नका. फसवणुकीची तक्रार करता येते, आणि ही माणसं तुमच्या गप्प बसण्यावरच जगतात.

घरातली वस्तू चुलीत, कचऱ्याच्या ढिगात किंवा विहिरीत टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते. ती तापली किंवा ठेचली गेली तर फुटून पेट घेते. वस्तू उघडू नका, चार्ज करू नका. वेगळं निघणारं पॉड असेल तर प्लॅस्टिकचे हातमोजे घालून काढा आणि झाकणाच्या बाटलीत बंद करा. बॅटरीची उघडी टोकं चिकटपट्टीने झाका. मग पोलीस ठाण्यात जमा करा. ते घेत नसतील तर नगरपरिषदेच्या ई-कचऱ्यात द्या. तोवर कुलपात ठेवा.

द्रव कातडीवर सांडला तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा. लहान पोराच्या तोंडात गेला तर थोडासाही जिवावर बेतू शकतो. ओकारी, लाळ, घाम ही पहिली लक्षणं, पुढे झटके येतात. ओकारी करवू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

मुलाशी बोलायला कुणी जाणतं हवं असेल तर तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलतात.