सिनेमाचा दुसरा भाग राहू द्या, आधी जामीनकी बघा

प्रश्न : वय 43, सातपूरला कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात पगार 80 हजार, घराचा हप्ता 26 हजार. मित्राच्या मराठी सिनेमात 6 लाख घातले. खर्च 1 कोटी 60 लाख झाला, तिकीटबारीवर 60 लाखच आले. आता दुसऱ्या भागात 10 लाख टाकले तर दोन्हीचे पैसे 24 टक्क्यांनी परत, असं तो स्टॅम्पपेपरवर लिहून देतोय. मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडू का? फाळक्यांनीही पॉलिसी गहाण ठेवली होतीच. त्याने सिनेमासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या 40 लाखांच्या कर्जाला (व्याज 14 टक्के) मी आणि आणखी एक जण जामीन आहोत, पण ते मित्रच फेडणार आहे.

उत्तर : एफडी मोडू नका.

60 लाखांतला जीएसटी वजा केला की उरले 51. थिएटरचा वाटा पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा, पुढे वाढत जातो. वितरकाचं कमिशन आणि डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च गेल्यावर निर्मात्याच्या हाती 18-20 लाख आले असतील. म्हणजे खर्च निघायला तिकीटबारीवर पाच कोटी हवे होते.

'टाइमपास' 2014 मध्ये धो धो चालला म्हणून 2015 मध्ये त्याचा दुसरा भाग आला. उलट 2012 च्या 'जॉन कार्टर'मध्ये डिस्नेसारख्या कंपनीचे सुमारे 20 कोटी डॉलर बुडाले आणि पुढचे भाग तिथेच थांबले. पडलेल्या सिनेमाच्या नावावर वितरक आगाऊ रक्कम देत नाही, थिएटरवाला संध्याकाळचा शो देत नाही, ओटीटीवाले पहिल्या भागाचे आकडे बघून भाव पाडतात. त्यात जुन्या कर्जापोटी सिनेमाचे हक्क पतसंस्थेकडे तारण असतील, तर तिच्या ना-हरकत पत्राशिवाय नवा फायनान्सर जवळ येणार नाही. म्हणून तो तुमच्याकडे आलाय. आणि 24 टक्के? सिनेमात नफ्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. देणाऱ्याकडेच पैसे नसतील तर स्टॅम्पपेपर घेऊन काय करणार?

पण पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. तुमचे 6 लाख गेले. तुमच्यावरचं संकट 40 लाखांचं आहे.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं तुम्हाला म्हणता येत नाही. जामीनदार दोन असले तरी पतसंस्था सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकते. पगार सुरू असलेला माणूस तिला सर्वांत सोपा. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला की पगार आणि घर दोन्हींवर टाच येऊ शकते. 14 टक्क्यांनी नुसतं व्याजच महिना 47 हजार. घराचा हप्ता भरून तुमच्याकडे उरतात 54 हजार. फाळक्यांनी स्वतःची पॉलिसी स्वतःच्या सिनेमासाठी गहाण ठेवली होती. तुम्ही दुसऱ्याच्या सिनेमासाठी मुलीचं शिक्षण आणि घर पणाला लावलंय. हे वाईट वाटेल, पण आज स्पष्ट सांगायलाच हवं.

या आठवड्यात पतसंस्थेत अर्ज देऊन कर्जाचा खातेउतारा मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हप्ते किती थकलेत, तारण काय आहे, तुम्ही सही केलेल्या जामीनपत्रात काय लिहिलंय, हे पाहा. थकबाकी असेल तर कर्ज 'नवं-जुनं' करायला, म्हणजे नवं कर्ज दाखवून जुनं फेडल्याची नोंद करायला, तुमची सही मागतील. वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. घाबरून घर बायकोच्या नावावर करायलाही जाऊ नका, कोर्टात ते उलट अंगावर येतं.

मित्राशी बोलताना दुसऱ्या भागाचा विषय काढू देऊ नका. टीव्ही, यूट्यूब आणि डबिंगचे हक्क विकले गेलेत का, ते विचारा. नसतील तर विकायला लावा, आणि आलेली रक्कम थेट कर्जखात्यात जाईल असं त्याला पतसंस्थेला लेखी द्यायला लावा. उद्या तुम्हाला काही भरावं लागलंच, तर ते त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. त्यासाठी भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती स्वतःच्या नावे घ्या.