सावलीवर उपसलेली तलवार

सांगली, रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. वसतिगृहातल्या मित्राने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गेमच्या मालिकेवरून तुला चार प्रश्न विचारले, त्यांतल्या तिहींची उत्तरे तुला आली नाहीत, आणि २०२४ च्या 'द लॉस्ट क्राउन'पासून सुरुवात करणारा तू खरा चाहता नव्हेस असा निकाल त्याने सगळ्यांदेखत दिला, हे तुला लागलेले दिसते. आता जुने भाग कोणत्या क्रमाने खेळावेत याची यादी तू मागितली आहेस. यादी मी देणार नाही. का देणार नाही ते मात्र सविस्तर लिहितो, कारण असले निकाल देणारा मुलगा एके काळी मीच होतो.

नव्वदच्या दशकात आमच्या संगणकाच्या क्लासमध्ये डॉसवर चालणारी चार यंत्रे होती आणि सर चहाला गेले की त्यांतल्या एकावर हा राजपुत्र धावू लागे. प्रत अर्थातच फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलेली, चोरीची. पहिली लेव्हल संपली की अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची खोली येई आणि सोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचे पहिले अक्षर विचारले जाई. पुस्तिका कोणाकडेच नव्हती, म्हणून अंदाजाने बरोबर लागलेली अक्षरे आम्ही एका वहीत उतरवून ठेवत असू. ती वही माझ्या ताब्यात होती. शिवाय 'प्रिन्स' या शब्दापुढे 'मेगाहिट' असे टाइप करून गेम सुरू केला की लेव्हली ओलांडत पुढे जाता येते, हे गुपितही मला ठाऊक होते. त्या जोरावर मी राजकन्येपर्यंत पोहोचलो आणि पुढे कित्येक वर्षे जाणकार म्हणून मिरवलो.

आमच्यात एक अबोल मुलगा होता, जो खिळ्यांवर पडत, कड्यावरून घसरत कसाबसा तिसऱ्या लेव्हलपर्यंत गेला होता. त्याने एकदा मला विचारले, की धावणाऱ्या राजपुत्राला थांबवले तरी तो एखादे पाऊल पुढे का जातो? संगणक मंद आहे, असे सांगून मी त्याला उडवून लावले. खरे उत्तर मला फार उशिरा कळले. जॉर्डन मेक्नर याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल गिरवून १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकावर हा गेम आणला. त्यामुळे पडद्यावरच्या त्या चिमुकल्या आकृतीला खऱ्या शरीराचे वजन आहे, आणि वजन असलेला देह बोट उचलताक्षणी थांबत नाही. संगीत मेक्नरच्या वडिलांचे, धावणे भावाचे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या घरात सतारीचा भोपळा एकाने निवडावा आणि जवारी, म्हणजे तारांचा नाद खुलवण्यासाठी घोडी घासण्याचे काम, दुसऱ्याने करावी, तसाच हा घरगुती कारभार होता. तिसऱ्या लेव्हलवर अडकलेल्या त्या मुलाला जे दिसले होते ते मला शेवटपर्यंत जाऊनही दिसले नव्हते, आणि आमच्यातला चाहता कोण होता असे कोणी आज विचारले तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

सावलीची गोष्ट तर मला अधिकच लाजवणारी आहे. चौथ्या लेव्हलमध्ये राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा त्याची सावली त्याच्यापासून सुटी होते आणि पुढे त्याची वाट अडवत राहते. मेक्नरकडे नवा शत्रू रंगवण्याइतकी मेमरी उरलेली नव्हती, म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून एकमेकांवर चढवली आणि त्यातून ही थरथरती आकृती उभी राहिली. बाराव्या लेव्हलमध्ये ती समोर येते. तिच्यावर वार केला की आपलेच बळ घटते. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत गेले तरच दोघे एक होतात. मेगाहिटच्या कृपेने मी ही लेव्हल ओलांडूनच गेलो होतो. चाळिशीत प्रथमच ती नीट खेळलो तेव्हा संपूर्ण संध्याकाळ मी स्वतःवरच वार करीत बसलो होतो.

आता तुझ्याविषयी. तू लिहिले आहेस, की 'द लॉस्ट क्राउन'चा नायक सार्गॉन पडतो तेव्हा तुला राग न येता उत्सुकता वाटते, आणि त्यातल्या काफ पर्वतावर काळच बिघडलेला आहे ही कल्पना तुला सोडत नाही. हा धागा तू न शोधता पकडला आहेस. पहिल्या गेममध्ये राजकन्येला सोडवायला साठ मिनिटे मिळत आणि घड्याळ कोणासाठी थांबत नसे. २००३ च्या 'द सँड्स ऑफ टाइम'मध्ये खंजिरातल्या वाळूने काळ मागे फिरवता येतो. शिवाय तिथे राजपुत्र स्वतःच गोष्ट सांगत असल्यामुळे तुम्ही मेलात की तो सहज म्हणतो, हे असे घडलेच नव्हते. मला ही युक्ती आजही अत्यंत देखणी वाटते. काळाशी चाललेला हा झगडा ज्याला जाणवला त्याने कोणत्या भागापासून सुरुवात केली, हा प्रश्न कारकुनी आहे.

मालिकेतले सगळेच गोड मानून घ्यावे असेही नाही. २००४ च्या 'वॉरियर विदिन'मधला रक्ताळलेला आक्रस्ताळेपणा मला आजही खटकतो. २००८ च्या भागात पडणाऱ्या राजपुत्राला त्याची सोबतीण एलिका प्रत्येक वेळी हात देऊन वर ओढते, म्हणून अनेकांनी त्याला पोरकट ठरवले. माझे मत उलट आहे, पण तुझे वेगळे निघाले तर कारणांसह सांग, मला वाद घालायला आवडेल. मिरजेला मीरासाहेब दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींत रात्रभर बसणारे जुने दर्दी मी पाहिले आहेत. गवय्यावर जीव टाकणारेच त्याची उतरलेली तान आधी ओळखत. त्यांच्यातल्या कोणी शेजारच्याला, तू किती वर्षे येतोस, असे विचारल्याचे मात्र मला आठवत नाही.

जुने भाग यूट्यूबवर पाहिलेस, यात कमीपणा नाही. फक्त थांबताना पुढे पडणारे ते एक पाऊल पाहून कळत नाही, ते बोटांनाच कळते, म्हणून पहिला गेम एकदा हाताने खेळ. बाकीचे राहिले तर राहू देत.

पुढच्या रविवारी विश्रामबागेत घरी ये. 'द लॉस्ट क्राउन' मी सुरू केला आहे आणि फारसी संवाद लावून खेळतो आहे. भाषा कळत नाही, पण 'दरवाजा'सारखा एखादा शब्द मराठीसारखाच कानावर पडला की मजा वाटते. उड्या मात्र मला जमत नाहीत, त्या तुला शिकवाव्या लागतील.

तुझा,
काका

ता. क. कंट्रोलर तुझा आण. माझ्याकडच्या कंट्रोलरचे डावे बटण अडकते, आणि मग दोष कोणाचा यावरून उगाच वाद होतो.